मृतांच्या आठवणी आणि ‘स्मृतिस्थळ’

गेल्या माघ महिन्यांत आमच्या टेंभुर्णी गांवीं एक वृद्धा निवर्तली. वय नव्वदीच्या घरांत होतें. तेराव्याच्या पत्रिकेचा मजकूर लिहून घेण्यास तिच्या घरचीं माणसें आमच्याकडे आलीं. शाळेंतील नोकरीचीं व नंतरच्या निवृत्तीचीं मिळून चाळीस वर्षें हें काम आमच्याकडे चालत आलें आहे. संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरांनीं आरंभीं एक श्लोक घालावा व खालीं चार ओळी लिहाव्या, असा रिवाजच पडून गेला आहे. त्याप्रमाणें आम्हीं लिहून दिलें : प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीच्या. पत्रिका छापून आली तेव्हां ती जुन्या पत्रिकांच्या गठ्ठ्यांत ठेवावयास गेलों. (असले कागद जपून ठेवण्याची खोड आम्हांस आहे, पोथ्या जमविणाऱ्या वाचकांना तिचें नवल वाटणार नाहीं.) सहज दहा-वीस पत्रिका काढून वाचल्या आणि मन खिन्न झालें. नांवावर बोट ठेवून वाचलें असतां कोणती पत्रिका कोणाची, हें आम्हांसच सांगतां येईना. आणि त्या सर्व आम्हींच लिहिलेल्या होत्या.

ह्या प्रकारच्या लेखनाची परीक्षा करावी, असें तेव्हां मनांत आलें. कोणी म्हणतील, हें ह्या त्रैमासिकाचें क्षेत्र नव्हे. येथें ताम्रपट, शिलालेख, मोडी दप्तरें व पोथ्या ह्यांची चर्चा होते. कालपरवां गेलेल्या माणसाची वार्ता वर्तमानपत्रानें द्यावी. आम्हांस हें मान्य नाहीं, व त्याचें कारण आमच्या शेजारींच आहे. भोकरदन म्हणजे जुनें भोगवर्धन. तेथील रहिवाशांनीं सांचीच्या स्तूपास दान दिल्याचे ब्राह्मी लेख प्रसिद्ध आहेत. हीं माणसें कोणी राजे नव्हत. एक नांव, एक गांव आणि ‘दान’ हा शब्द, एवढाच काय तो लेख. परंतु दोन हजार वर्षांनंतर तेवढ्यावरून व्यापारी मार्ग, दात्यांचे वर्ग, स्त्रियांची मालमत्ता अशा किती विषयांवर विद्वानांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत! त्या दात्यांपैकीं एकानें आपल्याविषयीं आणखी चार शब्द कोरविले असते, तर आम्ही संशोधक ते डोक्यावर घेऊन नाचलों असतों.

उलट उदाहरणहि ह्याच मुलखांतलें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें वेलस्लीची शिंदे-भोसल्यांशीं लढाई झाली. कंपनीच्या बाजूची मोजदाद नेमकी सांपडते : ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. परंतु त्या ४२८ मधील साध्या शिपायांचा आपल्यापुढें आंकडाच उरला आहे. शिंद्यांकडील पडलेल्यांचा तर आंकडाहि अदमासाचा. कोणाच्या घरीं बातमी केव्हां पोंचली, कोणाच्या शेतांत तें वर्ष पेरणीवांचून गेलें, हें विचारावयास आज असईच्या रानांत गेलें तर तेथें कोण सांगणार? विचारण्याची वेळ १८०४ सालीं होती. तेव्हां कोणी विचारलें नाहीं, कारण तेव्हां तो इतिहास नव्हता. सामान्य माणसाची आठवण हें असें साधन आहे कीं जें ताम्रपटाप्रमाणें जमिनींत वाट पाहत राहत नाहीं. तें एक-दोन पिढ्यांत संपतें. आणि पुष्कळदां तेरा दिवसांतच संपतें, कारण तेवढ्या अवधींत घर झाडून-सारवून निघतें व पेटींतले कागद रद्दींत जातात.

आमच्या पत्रिकांचा दोष कोठून आला, ह्याचा शोध घेतां आम्हांस आमच्याच शास्त्राकडे पहावें लागलें. श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह ह्यांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो; वसु, रुद्र व आदित्य हीं त्यांचीं रूपें. चौथा पुरुष लेपभागी, म्हणजे पिंड देतांना हाताला लागून राहिलेल्या लेपाचा धनी. त्याचें नांव घ्यावें लागत नाहीं. ज्यास पूर्वजांचीं नांवेंच ठाऊक नाहींत त्याची सोयहि सूत्रकारांनीं केली आहे : पृथिवीवर बसणारे, अंतरिक्षांत बसणारे, द्युलोकांत बसणारे पितर, अशा सामान्य पदांनीं त्यानें पिंड द्यावे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावें. ही योजना दयाळू आहे, व नांव विसरलें म्हणून कोणास उपाशी न ठेवण्याची तींतील बुद्धि आम्ही वंद्य मानतों. परंतु ज्यांचें कांहींच ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं ठरविलेलीं पदें, ज्यांचें सर्व कांहीं ठाऊक आहे त्यांना आम्ही लावीत आलों. ‘धार्मिक वृत्तीच्या’ हें आमच्या गांवचें ‘काश्यप’ होय.

आतां ‘स्मृतिस्थळ’ पहावें. महानुभाव पंथाचा हा जुना गद्य ग्रंथ. चक्रधरस्वामी निघून गेले, पुढें ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभुहि गेले, आणि मागें राहिलेला मेळा नागदेवाचार्यांनीं, म्हणजे भटोबासांनीं, कसा सांभाळला, हा त्याचा विषय. वा. ना. देशपांडे ह्यांनीं तो संपादून प्रसिद्ध केला. अ‍ॅन फेल्डहाउस व शं. गो. तुळपुळे ह्यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९९२ सालीं निघालें. त्यास त्यांनीं ‘देवाच्या अनुपस्थितींत’ अशा अर्थाचें नांव दिलें, व तें फार मार्मिक आहे. आमच्या जिल्ह्यांत भोकरदनकडे जाळीचा देव हें पंथाचें मोठें स्थान असल्यानें तिकडे जाणारे यात्रेकरू आम्ही लहानपणापासून पाहत आलों; ग्रंथ मात्र नोकरी संपत आली तेव्हां हातीं पडला, आणि तोहि व्याकरणाचीं जुनीं रूपें पाहण्याच्या निमित्तानें! त्यांतील माणसें दिसूं लागलीं तीं ह्या माघानंतर.

ह्या ग्रंथांत चरित्र असें कोणाचेंच नाहीं. लहान लहान स्मृति आहेत, व प्रत्येक स्मृति म्हणजे बहुधा एकच प्रसंग : कोणी काय विचारलें, आचार्य काय बोलले, कोण रुसलें, कोणाचें कोठें चुकलें. जन्मतिथि नाहीं, गुणवर्णनाची माळ नाहीं. तरी वाचून झाल्यावर हीं माणसें एकमेकांपासून निराळीं राहतात. नांवावर बोट ठेवण्याची जी कसोटी आमच्या पत्रिकांना उतरली नाहीं ती येथें लावून पहावी. महदाइसेचेंच पहा ना. धवळे रचणारी आद्य कवयित्री म्हणून वाङ्मयेतिहासांत तिला स्थान आहे. परंतु ह्या गद्य ग्रंथांत ती दिसते ती अखंड प्रश्न विचारणारी, कोणाच्याहि उत्तरानें सहज समाधान न पावणारी म्हातारी म्हणून. तिला कोणी ‘जिज्ञासु वृत्तीच्या’ असें म्हणून सोडून दिलें असतें, तर तिचें कांहींएक उरलें नसतें. तिचे प्रश्न नोंदले गेले, म्हणून ती उरली. ती गेल्यावर आचार्यांना झालेला शोकहि ग्रंथांत आला आहे, व एवढ्या विरक्त पुरुषाचा तो शोक लेखकानें झांकला नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

संस्कृताविषयींचे प्रसंग सर्वश्रुत आहेत. पंडित संस्कृतांत विचारूं लागले तेव्हां भटोबासांनीं, आपणांस हें समजत नाहीं, स्वामींनीं आपणांस मराठींत सांगितलें, असें म्हटलें. आणि केशोबास संस्कृतांत रचना करूं पाहतात तेव्हां, तेणेंकरून आपल्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील, अशी काळजी बोलून दाखविली. मराठीच्या अभिमानासाठीं हा प्रसंग व्याख्यानांतून नेहमीं सांगतात. आम्हींहि वर्गांत पुष्कळदां सांगितला. पण त्यांत भाषेच्या अभिमानाहून म्हाताऱ्यांची काळजी अधिक आहे, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. माघांत गेलेल्या वृद्धेच्या पत्रिकेवर आम्हीं जो श्लोक घातला तो तिला कळला नसता. तिच्या घरांत इतर कोणालाहि तो कळला नाहीं. तो कळेल अशीं गांवांत दोन-तीन माणसें असतील. त्यांनीं वृत्त बरोबर साधल्याबद्दल आम्हांस शाबासकी दिली.

संशोधकाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची गोष्ट मात्र ‘लीळाचरित्रां’त आहे. म्हाइंभटांनीं स्वामींच्या लीळा एका जागीं बसून लिहिल्या नाहींत. ज्यानें जें पाहिलें-ऐकलें त्याच्याकडे जाऊन त्यांनीं त्या मिळविल्या. पुढें धाडीच्या गडबडींत मूळ पोथी नाहींशी झाली, तेव्हां ती ज्यांच्या स्मरणांतून पुन्हां उभी राहिली त्यांत हिराइसा ही एक स्त्री होती, व तिच्या नांवाचा पाठ आजहि अभ्यासक वेगळा ओळखतात. अमुक एक गोष्ट दुसऱ्या कोणी निराळी सांगितली तर ‘वासना’ म्हणून तीहि टिपावी, आणि ती कोणाची तें सांगावें, ही त्या परंपरेची रीति. दोन पाठांपैकीं एक खरा ठरवून दुसरा पुसून टाकण्याची घाई त्यांनीं केली नाहीं. आपल्यापैकीं कित्येक संपादक हस्तलिखिताच्या पाठभेदांसाठीं तळटीपांचीं रानें माजवितात. पण घरांतील दोन माणसांनीं आजीची एकच गोष्ट दोन तऱ्हांनीं सांगितली कीं ‘नक्की काय तें सांगा’ म्हणून त्यांना दटावतात.

एवढें म्हटल्यावर ह्या ग्रंथांतील उणेंहि सांगितलें पाहिजे. ‘स्मृतिस्थळा’ची दृष्टि आचार्यांवरून फारशी ढळत नाहीं. शिष्याचा प्रसंग येतो तो बहुधा त्यांतून कांहीं शिकवण निघते म्हणून. ज्या प्रसंगांतून शिकवण निघत नव्हती ते गळले असावेत, आणि इतिहासाला तर असेच प्रसंग हवे असतात. ज्या घरांतून भिक्षा मिळे त्या घरच्या बायांविषयीं फारसें कळत नाहीं. संन्यास घेणाऱ्याच्या मागें राहिलेल्या आईबापांचें पुढें काय झालें, हें विचारण्याचें त्या लेखकांस कारण नव्हतें. शिवाय पंथाच्या पोथ्या सकळ लिपींत लिहिल्या गेल्यानें हें सर्व कित्येक शतकें बाहेरच्यांस बंद होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं ती लिपि उलगडली तेव्हां महाराष्ट्रास आपल्याच घरांतील ही खोली सांपडली. आठवण टिकली, पण कुलुपांत टिकली, हा तिचा गुण म्हणावा कीं दोष, हें आमच्यानें ठरवत नाहीं.

अर्वाचीन लेखनांत ह्या ग्रंथाच्या तोडीचें काय आहे? चित्रावशास्त्र्यांचे प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) व अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश हा एका माणसाच्या हातून झालेला प्रचंड उद्योग आहे, व त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरावांचून दुसरें कांहीं नाहीं. परंतु कोशांत येण्यास माणूस प्रसिद्ध असावा लागतो. कुलवृत्तांत ही महाराष्ट्राची स्वतःची वस्तु. त्यांत अप्रसिद्धांनाहि जागा आहे, सुनेचें माहेर दिलेलें असतें, तिचें पूर्वीचें नांव कंसांत असतें. पण ह्या कंसाच्या पलीकडे तिला क्वचितच जाऊं दिलें आहे. ज्यानें परीक्षा दिली, नोकरी केली, घर बांधलें, त्याला दहा ओळी. आणि जी बालविधवा पन्नास वर्षें त्याच घराचा स्वयंपाक करीत राहिली तिला ‘निपुत्रिक’ हा एक शब्द! कुलवृत्तांताच्या संपादकांनीं माहितीचे छापील तक्ते घरोघर पाठविले. तक्त्यांत जें कलम नव्हतें तें उत्तरांत येणार कोठून?

क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांची गोष्ट निराळी. त्र्यंबकेश्वरास किंवा नाशिकास अस्थि घेऊन गेलेला शेतकरी बाप, आजा, चुलते, भाऊ ह्यांचीं नांवें सांगतो व खालीं सही किंवा अंगठा करतो. त्यांत आठवण नाहीं, परंतु शोक ताजा असतांना केलेलें हस्ताक्षर आहे, व तसें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. सरकारी मृत्युनोंदीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. नांव, दिनांक, कारण. तथापि त्या रुक्ष कागदाचीहि किंमत अकस्मात् कशी वाढते, हें मराठवाड्यानें २०२३ सालीं पाहिलें. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, आणि निजामी अमलांतील उर्दू व मोडी कागद वाचूं शकणाऱ्या माणसांस एकाएकीं भाव आला. ज्या पणजोबांचें नांवहि घरांत कोणी काढीत नव्हतें त्यांच्या एका ओळीसाठीं लोक दप्तरांत दिवसेंदिवस बसले. नोंद सांपडली कीं आनंद होई. पण ‘हे पणजोबा कोण, कसे होते,’ ह्याला उत्तर कोणाकडेच नव्हतें.

२०२० व २०२१ ह्या महामारीच्या वर्षांत तर आमच्या पत्रिकाहि बंद पडल्या. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. तेराव्यास बोलवावयाचें कोणाला? त्या दोन वर्षांतील गठ्ठा आमच्याकडे जवळजवळ कोराच आहे, आणि गांवांत माणसें मात्र गेलीं. त्याच काळांत, २४ मे २०२० रोजीं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें आपलें संपूर्ण पहिलें पान मृतांच्या नांवांनीं भरलें. अमेरिकेंतील मृत्युसंख्या तेव्हां एक लाखाच्या घरांत आली होती. त्यांतील सुमारें एक हजार माणसें निवडून प्रत्येकाच्या नांवापुढें वय, गांव व एक लहानसें वाक्य दिलें होतें. तीं वाक्यें ठिकठिकाणच्या मृत्युलेखांतूनच वेंचलेलीं होतीं. म्हणजे त्या गांवोगांवच्या लेखकांनीं आपल्या लेखांत वेंचण्याजोगें एक तरी वाक्य ठेवलें होतें. आमच्या चाळीस वर्षांच्या पत्रिकांतून असें वेंचावयास बसलें तर हातीं काय लागेल, हें वर सांगितलेंच आहे.

तेव्हां त्या वृद्धेची पत्रिका झाली ती झाली; तिच्याविषयीं आम्हीं एक निराळी नोंद करून ठेवली. त्यासाठीं तिच्या घरीं चार वेळां गेलों व धाकटा भाऊ, जाऊ, सून आणि एक शेजारीण, इतक्यांना विचारलें. नांव मूळ नोंदींत आहे, येथें छापीत नाहीं. नोंदींतील कांहीं कलमें वाचकांच्या परीक्षेसाठीं देतों :

‘रझाकारांच्या धामधुमींत, १९४८ च्या सप्टेंबरांतील पोलीस कारवाईच्या आधीं, घरचीं माणसें एके रात्रीं गांव सोडून बुलढाण्याकडे वऱ्हाडच्या हद्दींत गेलीं. ही तेव्हां दहा वर्षांची असावी. भाऊ सांगतो कीं तिनें पोटाशीं कोंबडी धरली होती व ती ओरडूं नये म्हणून वाटभर तिची चोंच चिमटींत दाबून ठेवली. जाऊ सांगते कीं कोंबडी नव्हे, फडक्यांत बांधलेले देवाचे टाक होते, व हें आपण तिच्याच तोंडून ऐकलें. भाऊ त्या रात्रीं आईच्या कडेवर होता, तेव्हां त्याचेंहि ऐकीवच.

‘१९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर होती. तेथें मिळणारी सुकडी पदरांत बांधून मुलांसाठीं घरीं आणी. डाव्या हाताचें मधलें बोट तेव्हां हातोड्याखालीं सांपडलें तें पुढें वांकडेंच राहिलें. सून सांगते कीं भाकरी थापतांना त्या बोटाचा वण भाकरीवर उठे.

‘लिहिणें-वाचणें येत नव्हतें. नातवाच्या पाटीवरील एक ‘ट’ तेवढा ओळखी, तो विळ्यासारखा दिसतो म्हणून.

‘जावेशीं अकरा वर्षें अबोला होता. कारण : विहिरीच्या पाण्याची पाळी. मिश्री शेवटपर्यंत सोडली नाहीं.’

शेवटचें कलम गाळावें असें घरच्यांचें म्हणणें पडलें. मृताचें उणें बोलूं नये, ह्या शिष्टाचारास अनुसरून आम्हीहि तें गाळण्याच्या बेतांत होतों. जाऊ जवळच बसली होती, ती म्हणाली, “राहूं द्या मास्तर, अकरा वर्षें काय कमी असत्यात?” तें राहिलें.

कोंबडी कीं टाक, ह्याचा निर्णय करावा असा भावाचा आग्रह अजून आहे. घरांत दोन पक्ष पडले आहेत. आम्हीं दोन्ही पाठ सांगणाऱ्यांच्या नांवांसह ठेवले आहेत व खालीं ‘वासना’ असा शब्द लिहिला आहे. त्याचा अर्थ समजावून सांगतांना मात्र पुरेवाट झाली.

ह्या नोंदीचे दोष आम्हांस दिसतात. सांगणारीं सर्व घरचीं किंवा शेजारचीं. जिच्या शेतावर ती मजुरीस जाई त्या घरीं आम्ही गेलों नाहीं. ती गातां गातां दळी असें सून म्हणाली, पण काय गाई हें सुनेला आठवत नाहीं, कारण पिठाची गिरणी आल्यावर तिनें दळणाबरोबर गाणेंहि सोडलें. पुनः एकदां नोंद वाचून पाहतां असेंहि ध्यानांत आलें कीं बाप, भाऊ, नवरा, सासरा, दीर, मुलगे ह्या सर्वांचीं नांवें तींत आलीं आहेत आणि तिच्या आईचें नांव विचारावयाचें राहून गेलें आहे. पाचव्या वेळीं त्यासाठीं गेलों. भाऊ थोडा वेळ विचार करीत बसला व म्हणाला, आम्ही तिला बाईच म्हणत होतों.